युरियाच्या गोणीतला हायड्रोजन आणि आपली पोरं



आपल्या पत्रिकेत बेण्याची निवड, खोडव्याची निगा, ठिबकचे अनुदान, उसाचा भाव या विषयांवर नेहमी लिहिले जाते, आणि तसे लिहिलेच पाहिजे. यावेळी मात्र वरवर पाहता आपल्या वावराशी संबंध नसलेला विषय घेत आहे. हायड्रोजन वायू, त्यापासून वीज करणारे घट, म्हणजे फ्युएल सेल, आणि त्यावर संशोधन करून डॉक्टरेट मिळविण्याची आपल्या मुलामुलींना असलेली संधी, असा हा विषय आहे. "आमचं पाण्याचं निस्तरेना, अन् तुमचं हे कायचं हायड्रोजन?" असे कोणी म्हणेल. त्याला एवढेच सांगणे आहे की हायड्रोजन आपल्या घरात केव्हाच आलेला आहे. तो युरियाच्या गोणीत बसून आला.

युरिया अमोनियापासून होतो, आणि अमोनिया हायड्रोजन व हवेतील नत्र यांच्या संयोगातून होतो. हिशेब सोपा आहे. ४५ किलोची एक गोणी तयार करायला सुमारे साडेचार किलो हायड्रोजन लागतो. आज हा हायड्रोजन मुख्यतः नैसर्गिक वायूपासून काढतात, आणि त्या वायूचा मोठा हिस्सा बाहेरदेशातून येतो. गोणी आपल्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते ती सरकार वरचा भार सोसते म्हणून. जगात कुठे लढाई पेटली की वायूचा भाव चढतो, सरकारचा भार वाढतो, आणि ऐन हंगामात कृषी केंद्रासमोर रांग लागते. तेव्हा हायड्रोजन कोण, कशापासून आणि किती खर्चात तयार करतो, हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या मोटारवाल्यांपेक्षा आपल्याला जास्त जवळचा आहे.

नैसर्गिक वायूऐवजी पाण्यातून विजेच्या साहाय्याने हायड्रोजन काढता येतो. सूर्याच्या किंवा वाऱ्याच्या विजेवर तो काढला तर त्याला हरित हायड्रोजन म्हणतात. ४ जानेवारी २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन मंजूर केले. त्यासाठी १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद ठरली, आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हायड्रोजन करण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनानेही आपले हरित हायड्रोजन धोरण जाहीर केले. आपल्या विदर्भाचे नितीन गडकरी ३० मार्च २०२२ रोजी हायड्रोजनच्या मोटारीत बसून संसदेत गेले, ते छायाचित्र पुष्कळांनी वर्तमानपत्रात पाहिले असेल.

मोठमोठे आकडे ऐकून हुरळून जाण्याचे कारण नाही. त्या १९,७४४ कोटींपैकी संशोधन आणि विकासासाठी ४०० कोटी आहेत. म्हणजे शंभर रुपयांतले दोन रुपये. पण आमचे म्हणणे असे की या दोन रुपयांकडेच आपण नीट पाहावे. बाकीचे अठ्ठ्याण्णव रुपये मोठ्या कंपन्यांच्या कारखान्यांकडे आणि प्रकल्पांकडे जातील, तिथे आपला शिरकाव नाही. संशोधनाच्या पैशातून मात्र विद्यार्थ्यांना विद्यावेतन मिळते, आणि तो विद्यार्थी अकोट तालुक्यातला असू नये असा कोठेही नियम नाही.

हा घट चालतो कसा

विषय समजल्याशिवाय मत देणे बरे नव्हे, म्हणून थोडक्यात सांगतो. विजेने पाणी फोडले की एका बाजूला हायड्रोजन आणि दुसऱ्या बाजूला प्राणवायू निघतो. फ्युएल सेलमध्ये याच्या उलट घडते. एका बाजूने हायड्रोजन सोडतात, दुसऱ्या बाजूने हवा. मध्ये एक पातळ पडदा असतो. हायड्रोजनच्या अणूची फोड होते. त्यातला प्रोटॉन पडद्यातून पार जातो. इलेक्ट्रॉनला पडदा वाट देत नाही, म्हणून तो तारेतून वळसा घालून जातो. तारेतला हा वळसा म्हणजेच वीज. पलीकडे दोघे प्राणवायूला भेटतात आणि पाणी तयार होते. धूर नाही, आवाज नाही. एका घटातून साधारण पाऊण व्होल्टच्या आतच दाब मिळतो, म्हणून शेकडो घट थरावर थर रचून बसवावे लागतात. विल्यम ग्रोव्ह या वेल्श गृहस्थाने ही करामत १८३९ सालीच दाखविली होती, आणि १९६५ मध्ये अमेरिकेच्या जेमिनी अंतराळयानात असे घट वापरले गेले.

मग दीडशे-पावणेदोनशे वर्षांत हे घरोघरी का पोचले नाही? कारण प्राणवायूशी होणारी ती शेवटची भेट फार सुस्त आहे. ती घडवून आणायला मध्यस्थ लागतो. सोयरीक जुळविणारा मध्यस्थ जसा दोन्ही घरांना एकत्र आणतो आणि स्वतः होता तसाच राहतो, तसा हा पदार्थ काम करतो. शास्त्रात त्याला उत्प्रेरक म्हणतात, आणि विजेच्या क्रियेतल्या अशा मध्यस्थीच्या शास्त्राला इलेक्ट्रोकॅटॅलिसिस, अर्थात विद्युत्-उत्प्रेरण. आजवर सापडलेला सर्वांत भरवशाचा मध्यस्थ म्हणजे प्लॅटिनम. ते सोन्याच्या रांगेत बसणारे, आणि जगातले बहुतेक दक्षिण आफ्रिकेच्या खाणीतून येणारे. उद्या तेलाची गुलामी जाऊन प्लॅटिनमची यावी, यात शहाणपण नाही. म्हणून प्लॅटिनम कमी लागेल कसे, किंवा लोखंड, कोबाल्ट, निकेल यांच्यावर भागेल कसे, यासाठी जगभरच्या प्रयोगशाळा झटत आहेत.

पाणी फोडण्याच्या बाजूलाही हेच दुखणे आहे. एक किलो हायड्रोजन काढायला निसर्गाच्या नियमाप्रमाणे कमीत कमी ३९.४ युनिट वीज लागते. प्रत्यक्षात आजची यंत्रे ५० ते ५५ युनिट खातात. मधली दहा-पंधरा युनिटे उष्णतेत आणि सुस्तीत वाया जातात. आपल्या गोणीचा हिशेब मांडा. साडेचार किलो हायड्रोजनला सव्वादोनशे युनिटांच्या वर वीज. कोणा संशोधकाने किलोमागे पाच युनिटे वाचविली, तर गोणीमागे बावीस युनिटे वाचली. उत्प्रेरकाचा शोध म्हणजे काय आणि त्याचा शेतकऱ्याशी काय संबंध, याचे उत्तर या बावीस युनिटांत आहे.

महाराष्ट्रात काय झाले आहे

हे काम परदेशातच होते असा समज आहे, तो खरा नव्हे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, या विषयावर कित्येक वर्षे काम चालू आहे. एनसीएल, तामिळनाडूतील कारैकुडीची केंद्रीय विद्युत्-रसायन संशोधन संस्था आणि पुण्याची केपीआयटी कंपनी यांनी मिळून देशी बनावटीचे घट तयार केले. ऑक्टोबर २०२० मध्ये त्या घटांवर चालणाऱ्या मोटारीची चाचणी झाली. घटांची ताकद १० किलोवॅट, टाकीत पावणेदोन किलो हायड्रोजन, आणि तेवढ्यावर साधारण अडीचशे किलोमीटरची मजल, असे त्यावेळी जाहीर करण्यात आले. त्यानंतर २१ ऑगस्ट २०२२ रोजी केंद्रीय मंत्री डॉ. जितेंद्र सिंह यांच्या हस्ते पुण्यात हायड्रोजनच्या बसचे अनावरण झाले. पुढे केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने देशात ज्या चार ठिकाणी हायड्रोजन व्हॅली नावाचे उपक्रम धरले, त्यांत पुणे आहे.

आपल्याला अधिक जवळची गोष्ट पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेची. या संस्थेने सेंटिएंट लॅब्ज या कंपनीबरोबर शेतातल्या काडीकचऱ्यापासून, जंतूंच्या मदतीने, हवा बंद करून हायड्रोजन काढण्याची पद्धत विकसित केली. गव्हांडा, पऱ्हाटी आणि बगॅस ज्यांच्या दारात पडलेले असते, त्यांनी ही बातमी कान देऊन ऐकायची नाही तर कोणी?

बगॅसचे तर आणखी एक आहे. एक टन ऊस गाळला की २८०-३०० किलो ओले बगॅस निघते. आपण ते बॉयलरला घालतो, उरले तर विकतो. हेच बगॅस हवा बंद करून सातशे-नऊशे अंश उष्णतेवर भाजले, त्यात लोखंडाचा क्षार आणि नत्रासाठी चक्क युरिया घातला, तर जो काळा सच्छिद्र कोळसा होतो, तो प्लॅटिनमच्या जागी उत्प्रेरक म्हणून चालतो का, हे प्रयोगशाळांतून तपासले जात आहे. बगॅस, युरिया आणि लोखंड. यातली कोणती वस्तू आपल्याला अनोळखी आहे? अडचणीही आहेत. बगॅसमधली सिलिका काढावी लागते, लोखंडाचा असा उत्प्रेरक काही शे तासांत मंदावतो, आणि बाजारात टिकण्यासाठी तो हजारो तास चालला पाहिजे. या अडचणी कोणीतरी पाच वर्षे ठाण मांडून सोडवायच्या आहेत. डॉक्टरेटचा विषय म्हणतात तो हाच.

यातून पुढच्या हंगामात उसाला टनामागे दहा रुपये जास्त मिळतील, असे सांगून आम्ही कोणाला फसवू इच्छित नाही. उत्प्रेरक ग्रॅमवारी लागतो, टनावारी नव्हे. आमचे म्हणणे वेगळे आहे. माल आपला आणि अक्कल दुसऱ्याची, हा जुना व्यवहार पुन्हा होऊ नये.

वऱ्हाडला हा व्यवहार नवा नाही

१८७० साली खामगावला रेल्वेचा फाटा आला तो वऱ्हाडचा कापूस वाहून नेण्यासाठी. कापूस इथला, गिरण्या मँचेस्टरच्या. गाठी गेल्या आणि कापड होऊन दामदुपटीने परत आल्या. पिकविणाऱ्याला पीक कळत होते, पण पुढचे शास्त्र आणि यंत्र कळणारा माणूस त्याच्या घरात नव्हता.

सहकारी साखर कारखाना हा त्याच दुखण्यावर काढलेला इलाज. पण तो इलाज नुसत्या भागभांडवलावर उभा राहिला असे समजणे चुकीचे होईल. प्रवरानगरला १९५० साली पहिला सहकारी कारखाना सुरू झाला, तेव्हा विठ्ठलराव विखे पाटलांसारखा शेतकरी आणि धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्राचा पंडित एका सतरंजीवर बसले होते. गाडगीळ पुण्याच्या गोखले संस्थेचे प्रमुख. त्यांनी त्या कारखान्याचे अध्यक्षपद सांभाळले. शेतकऱ्याने पंडिताला परका मानले नाही आणि पंडिताने शेतकऱ्याला अडाणी मानले नाही, म्हणून ती चळवळ उभी राहिली. पुढे १९७५ साली कारखान्यांनी मिळून मांजरीला साखर संशोधनाची संस्था काढली, ती आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. शास्त्र विकत घेण्यापेक्षा आपल्या घरात ठेवावे, ही समज त्यामागे होती.

आणि आपल्या भागापुरते बोलायचे तर डॉ. पंजाबराव देशमुखांचे नाव घ्यावे लागते. पापळसारख्या खेड्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा विलायतेला जाऊन ऑक्सफर्डची डॉक्टरेट मिळवितो, परत येऊन शिवाजी शिक्षण संस्था उभारतो, आणि देशाचा कृषिमंत्री होतो. त्यांचा प्रबंध वैदिक वाङ्मयातील धर्मावर होता, शेतीवर नव्हता. तरी त्या अभ्यासाने जी धार आली ती शेतकऱ्याच्याच कामी आली. अकोटच्या शिवाजी महाविद्यालयात जी मुले आज रसायनशास्त्र शिकतात, ती त्याच झाडाच्या सावलीत बसलेली आहेत. शंभर वर्षांपूर्वी बोटीने जाऊन जे मिळवावे लागले, ते आज अकोल्याहून एका रात्रीच्या रेल्वेवर आहे.

पैशाचा प्रश्न

गावात कोणत्याही घरी विचारा, एकच बोल ऐकू येतो. "पोरगं शिकूनच राह्यलं, पण कमावते कधी?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बी.एस्सी., एम.एस्सी. करून वय बावीस-तेवीस होते, आणि त्यापुढे आणखी पाच वर्षे म्हटली की बापाच्या पोटात गोळा येतो. पण इथे एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. विज्ञानातली डॉक्टरेट ही स्वतःच्या खिशातून फी भरून करायची गोष्ट नाही. ती पगार घेऊन करायची गोष्ट आहे.

सीएसआयआर-यूजीसी नेट ही परीक्षा वर्षातून दोनदा होते. त्यात कनिष्ठ संशोधनवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये, हा दर १ जानेवारी २०२३ पासून आहे. घरभाडे भत्ता वेगळा. पाच वर्षांची बेरीज केली तर ती २४ लाख रुपये होते. पंतप्रधान संशोधन छात्रवृत्ती ७० हजारांपासून ८० हजारांपर्यंत आहे, आणि २०२५च्या अर्थसंकल्पात आयआयटी व बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठी पाच वर्षांत अशा १०,००० छात्रवृत्ती देण्याचे जाहीर झाले. गेट परीक्षेतूनही वाट आहे. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या संशोधनवृत्ती आहेत. यूजीसीच्या २०२२च्या नियमाप्रमाणे चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांनी पूर्ण केलेला विद्यार्थी एम.एस्सी. न करताही पीएच.डी.च्या प्रवेशाला पात्र ठरतो. पुण्याला एनसीएल आणि आयसर, मुंबईला आयआयटी आणि रसायन तंत्रज्ञान संस्था, नागपूरला व्हीएनआयटी आणि नीरी, आणि घराजवळ संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ, अशी ही दारे आहेत.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. संशोधनवृत्तीचे पैसे दरमहा एक तारखेला येतातच असे नाही. कधी तीन महिने, कधी सहा महिने थकतात, आणि मग एकदम येतात. ज्याच्या घरी नोकरी आहे तो तग धरतो. ज्याचा बाप कपाशीच्या आणि उसाच्या पैशावर अवलंबून आहे, त्याच्या मागे त्याच महिन्यात सोसायटीचे कर्ज उभे असते. तो मुलगा प्रयोगशाळा सोडून पतसंस्थेत कारकून होतो. हुशारी कमी पडली म्हणून नव्हे, सहा महिन्यांचा मेसचा खर्च भागला नाही म्हणून. हे नुकसान कोठल्याच ताळेबंदात दिसत नाही.

भाषेचा अडसरही आहे. नेटची परीक्षा इंग्रजीत आणि हिंदीत होते, मराठीत नाही. मराठी शाळेतून आलेल्या मुलाला विषय येतो, पण प्रश्नाचा रोख समजायला वेळ लागतो. हा अडसर वर्ष-सहा महिन्यांच्या नेटाच्या सरावाने जातो. पण तो सराव कोणीतरी करवून घेतला पाहिजे.

मुलींबद्दल दोन शब्द

आपल्या भागात विज्ञान शाखेत मुली मन लावून शिकत आहेत, हे कोणत्याही महाविद्यालयात जाऊन पाहावे. पण एम.एस्सी. झाली की स्थळे पाहणे सुरू होते, आणि "जास्त शिकली तर जोडीदार कुठून आणावा" असे बोलले जाते. कमला सोहोनी यांना १९३३ साली बंगलोरच्या विज्ञान संस्थेत बाई म्हणून प्रवेश नाकारला गेला होता. त्या हटल्या नाहीत, प्रवेश मिळविला, आणि १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट घेऊन आल्या. पुढे त्यांनी नीरेवर संशोधन केले, ते गोरगरिबांच्या पोषणासाठी. नव्वद वर्षांपूर्वी दार संस्थेने लावले होते. आज संस्थेचे दार उघडे आहे, घराचे लावलेले असू नये.

आक्षेप आणि उत्तर

काही जाणकार म्हणतील, हायड्रोजनचे काय खरे? मोटारींत तर बॅटरीने बाजी मारली. हे बरोबर आहे. लहान मोटारींत आज बॅटरी पुढे आहे, आणि हरित हायड्रोजन अजून महाग आहे. सरकारी धोरण कसे फिरते हेही साखरधंद्याला कोणी शिकवायला नको. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एकाएकी बंधन आले आणि पुढच्या वर्षी ते उठले, तेवढ्यात कारखान्यांची जी तारांबळ उडाली ती सर्वांनी पाहिली. हायड्रोजनचेही तसे होऊ शकते.

पण इथे दोन गोष्टींत फरक करावा. कारखान्यात पैसा गुंतविणे वेगळे आणि माणूस घडविणे वेगळे. यंत्र बदलले की जुने भंगारात जाते, शिकलेल्या माणसाचे तसे होत नाही. ज्याने इलेक्ट्रोकॅटॅलिसिस पाच वर्षे हाताने केले, त्याला बॅटरी कळते, पाणी शुद्धीकरण कळते, धातूला गंज का चढतो ते कळते, खत आणि अमोनियाची रसायने कळतात. म्हणून हायड्रोजनच्या प्रकल्पात कारखान्याने आज भांडवल घालावे, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. पोरांना मात्र जरूर घालावे.

दुसरा आक्षेप पाण्याचा, आणि तो जास्त वजनाचा आहे. एक किलो हायड्रोजनला निदान नऊ लिटर शुद्ध पाणी लागते. ५० लाख टनांचा हिशेब केला तर ४५ दलघमी होतात, म्हणजे आपल्या वान धरणाच्या ८२ दलघमी साठ्याच्या निम्म्याहून थोडे जास्त. शुद्धीकरण आणि थंड ठेवण्याचे पाणी धरले तर आणखी वाढते. सबंध देशाच्या मानाने हे पाणी फार नाही. पण एखादा प्रकल्प नेमका कोणाच्या कालव्याच्या तोंडाशी बसतो, यावर सारे आहे. वानच्या पाण्यावरून अकोट-तेल्हाऱ्यात काय काय झाले ते सांगण्याची गरज नाही.

आणि आपल्या दक्षिणेला पूर्णेकाठी खारपाणपट्टा आहे. त्या खाऱ्या पाण्यातून हायड्रोजन काढता येईल का, हा प्रश्न सुचणे साहजिक आहे, आणि जगात खाऱ्या पाण्यावर संशोधन चालूही आहे. अडचण अशी की मिठाच्या पाण्यात प्राणवायूऐवजी क्लोरीन निघू पाहतो आणि पट्ट्या झिजतात. उलट, पाणी आधी गाळून घेण्याचा विजेचा खर्च हायड्रोजनच्या एकंदर खर्चापुढे किरकोळ आहे, म्हणून सरळ शुद्ध करूनच वापरावे असेही पुष्कळ शास्त्रज्ञ म्हणतात. पण गाळून मागे राहिलेले अति खारे पाणी सोडायचे कुठे? समुद्रकाठचा संशोधक म्हणेल, समुद्रात. खारपाणपट्ट्यातला पोरगा असे म्हणणार नाही, कारण त्याने क्षाराने चिकट झालेली जमीन पाहिली आहे. प्रयोगशाळेत कोण बसला आहे यावर प्रश्न कोणता विचारला जातो हे ठरते. आमचे पोर तिथे असावे म्हणण्याचे सर्वांत मोठे कारण हेच.

काय करावे

विद्यार्थ्याने आणि पालकाने प्रवेश घेण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात. या मार्गदर्शकाकडचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले आणि आज कुठे आहेत? संशोधनवृत्ती वेळेवर मिळते का? पोटेन्शिओस्टॅट नावाचे मुख्य यंत्र प्रयोगशाळेत स्वतःचे आहे, की दुसरीकडे रांग लावावी लागते? आणि उत्प्रेरक नुसता लहानशा पट्टीवर तपासतात, की पुऱ्या घटात बसवून शेकडो तास चालवून पाहतात? नुसते शोधनिबंध छापून पदवी देणारी ठिकाणेही आहेत. बेणे घेताना आपण डोळा पाहतो, कांडी पाहतो. इथे तर पोराच्या पाच वर्षांची लागवड आहे.

सभासदांनी आणि संचालक मंडळाने करण्यासारख्या तीन गोष्टी सुचवितो. पहिली, संशोधनवृत्ती मंजूर होऊनही पैसे थकलेल्या सभासदांच्या मुलामुलींना बिनव्याजी उचल द्यावी, आणि पैसे आले की ती परत घ्यावी. तोडणी-वाहतुकीला आपण दरवर्षी उचल देतो, ती कधी बुडतेही. ही उचल त्या मानाने कितीतरी सुरक्षित आहे. दुसरी, नेट आणि गेटच्या तयारीसाठी तालुक्याच्या ठिकाणी एक अभ्यासिका आणि सुट्टीत शिकविणारे दोन प्राध्यापक, एवढ्याची सोय करावी. तिसरी, बगॅस, मळी आणि प्रेसमड यांचे नमुने आमच्याकडून घ्या आणि आमच्या एका विद्यार्थ्याला त्यावर काम द्या, असे पत्र अमरावती विद्यापीठाला आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला कारखान्याने लिहावे. पत्राला पैसे लागत नाहीत.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत भावाचा विषय निघेल, काटामारीचा निघेल, तोडणीच्या पाळीचा निघेल. ते सर्व निघालेच पाहिजेत. त्यानंतर, सभा उठण्यापूर्वी, कोणातरी सभासदाने उभे राहून उचलीचा हा विषय मांडावा. सूचक मिळाला तर अनुमोदक आम्ही होतो.

— एक सभासद